भीतीच्या रसायनाची कुळकथा

१७१६ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या विद्वत्सभेनं एक बक्षीस जाहीर केलं. प्रश्न असा होता: दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या लहानशा ग्रंथींचा शरीराला उपयोग काय? निबंध आले. ते तपासण्याचं काम मोंतेस्क्यू नावाच्या तरुण सभासदाकडे गेलं. पुढे राज्यशास्त्रात ज्याचं नाव झालं तोच हा मोंतेस्क्यू. १७१८ मध्ये त्यानं निकाल दिला की एकही निबंध बक्षिसाच्या लायकीचा नाही.

त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं या ग्रंथींकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसननं काही विचित्र रोग्यांची हकिगत छापली. हे रोगी अशक्त होत जात, त्यांची कातडी काळवंडे आणि शेवटी ते दगावत. शवविच्छेदनात त्यांच्या याच ग्रंथी नासलेल्या दिसल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार यानं जनावरांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या, तर जनावरं थोड्याच वेळात मेली. म्हणजे ग्रंथी जिवाला आवश्यक आहेत एवढं नक्की झालं. त्या करतात काय, हे मात्र कळलं नाही.

उत्तराची पहिली खूण सापडली ती हॅरोगेट या इंग्लंडमधल्या गावच्या जॉर्ज ऑलिव्हर नावाच्या डॉक्टरला. ऑलिव्हरला उपकरणं बनवण्याचा नाद होता. मनगटातल्या रक्तवाहिनीची जाडी मोजणारं एक यंत्र त्यानं तयार केलं होतं. जनावरांच्या ग्रंथींचा अर्क दिला की ही रक्तवाहिनी आकसते, असं त्याला आढळलं. हा प्रयोग त्यानं स्वतःच्या मुलावर केला, अशी आख्यायिका आहे. अर्काची कुपी घेऊन तो लंडनला एडवर्ड शेफर या शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाकडे गेला. शेफरचा आधी विश्वास बसला नाही. पण अर्क कुत्र्याच्या शिरेत सोडताच रक्तदाब दाखवणारा पारा झपाट्यानं वर चढला. १८९४-९५ मध्ये दोघांनी मिळून हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्काचा गुण ग्रंथीच्या सालीत नसून गाभ्यात आहे, हेही त्यांनी दाखवलं.

आता शर्यत लागली ती अर्कातलं मूळ द्रव्य वेगळं काढण्याची. अमेरिकेत जॉन एबल बरीच वर्षं त्याच्या मागे होता. पण १९०० साली न्यूयॉर्कच्या एका छोट्या प्रयोगशाळेत जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं आणि केइझो उएनाका या त्याच्या तरुण सहकाऱ्यानं त्याचे स्फटिक मिळवले. पेटंट ताकामिनेच्या नावावर झालं आणि पार्क-डेव्हिस कंपनीनं ते औषध ‘अ‍ॅड्रेनॅलिन’ या नावानं बाजारात आणलं. नाव कंपनीच्या मालकीचं असल्यामुळे अमेरिकेतले डॉक्टर आजही त्याच द्रव्याला एपिनेफ्रिन म्हणतात. स्फटिकरूपात हाती आलेलं हे पहिलं हॉर्मोन. ‘हॉर्मोन’ हा शब्द निघाला तो मात्र १९०५ मध्ये. १९०४ मध्ये जर्मनीच्या फ्रिडरिश श्टोल्झनं हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवलंही. द्रव्य मिळालं, पेटंट झालं, विक्री सुरू झाली, तरी बोर्दोचा प्रश्न अजून सुटला नव्हता. शरीर हे द्रव्य कधी आणि कशासाठी सोडतं?

हा प्रश्न सोडवला तो पोटाचा अभ्यास करणाऱ्या एका माणसानं. वॉल्टर कॅनन १८९६ मध्ये हार्वर्डमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी होता. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं. अन्नात बिस्मथ मिसळून मांजरांना खाऊ घालायचं आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर त्यांच्या जठराची हालचाल पाहायची, हा त्याचा उद्योग. एक गोष्ट त्याच्या कामात सारखी अडथळा आणायची. मांजर बिथरलं, चिडलं किंवा घाबरलं की जठराच्या लाटा जागच्या जागी थांबायच्या. ते शांत झालं की पुन्हा सुरू व्हायच्या. दुसऱ्या कुणी ही प्रयोगातली कटकट म्हणून सोडून दिली असती. कॅननच्या मनात ती राहिली.

१९११ मध्ये त्यानं दानिएल दे ला पाझ या सहकाऱ्याबरोबर एक साधा पण नेमका प्रयोग केला. शांत बसलेल्या मांजराचं रक्त ग्रंथींजवळच्या मोठ्या शिरेतून काढलं. मग त्याच मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि पुन्हा रक्त काढलं. दोन्ही नमुन्यांत आतड्याच्या स्नायूची पट्टी बुडवली. शांत मांजराच्या रक्तात पट्टी नेहमीसारखी आकुंचन पावत राहिली, घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली. अ‍ॅड्रेनॅलिनही नेमकं हेच करतं. कुत्र्याच्या भुंकण्यानं मांजराच्या पोटातल्या ग्रंथीनं रसायन सोडलं होतं, आणि ते मोजता आलं होतं.

पुढे कॅननची नजर माणसांकडे वळली. १९१३ च्या मोसमातला शेवटचा चुरशीचा सामना संपल्यावर त्यानं हार्वर्डच्या फुटबॉल संघातल्या २५ जणांची लघवी तपासली. १२ जणांच्या लघवीत साखर निघाली. या १२ पैकी ५ जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, बाहेर बसून सामना पाहत होते. म्हणजे भावनेच्या भरात सुटलेल्या त्याच रसायनामुळे नुसतं बाहेर बसलेल्यांच्या यकृतानंही साखर मोकळी केली होती. पळायचं नव्हतं, त्यामुळे ती वाया गेली.

१९१५ मध्ये कॅननचं वेदना, भूक, भय आणि क्रोध यांत शरीरात होणाऱ्या बदलांवरचं पुस्तक आलं. त्यातून ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना जगभर गेली. तिचा सांगाडा असा: धोका जाणवला की मेंदूच्या तळातून निघालेला संदेश मज्जारज्जूतून अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जातंतूंकडे जातो. हृदयाचे ठोके वाढतात. श्वासनलिका रुंदावतात. यकृत साखर सोडतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार पडतात. तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो, घाम फुटतो, पचन थांबतं. रक्त लवकर गोठू लागतं, म्हणजे जखम झालीच तर रक्तस्राव कमी. याच तंतूंची एक शाखा ग्रंथीच्या गाभ्यात जाते आणि तिथून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं. गाभ्यातल्या या पेशी गर्भावस्थेत मज्जापेशींच्याच कुळात जन्मतात. म्हणजे ही ग्रंथी मज्जासंस्थेचीच रक्तात उघडलेली शाखा आहे.

कॅननचा सांगाडा अपुरा होता. १९३६ मध्ये मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यानं दाखवलं की त्रास दिवसेंदिवस चालला तर याच ग्रंथीची साल मोठी होते आणि जठरात व्रण पडतात. ताण दीर्घकाळ टिकला तर काय होतं, याची ही सुरुवातीची नोंद. लढणं-पळणं दोन्ही शक्य नसेल तर प्राणी जागीच थिजतो, हेही पुढच्या अभ्यासकांनी मांडलं. आणि २००० मध्ये शेली टेलरनं लक्षात आणून दिलं की ताणाचे बहुतेक प्रयोग पुरुषांवरच झाले होते. धोक्यात पिल्लं जवळ घेणं आणि सोबत शोधणं हासुद्धा एक प्रतिसाद आहे. पण कॅननच्या राखीव खेळाडूंनी सांगितलेली गोष्ट कुणी खोडली नाही. ग्रंथी धोका ओळखत नाही. ती वरून आलेला हुकूम पाळते. हुकूम खरा की खोटा, गरजेपुरता की अवाच्या सवा, याची चौकशी ती करत नाही.

याचा सगळ्यात भयंकर पुरावा कोकणात आहे. तिथल्या लाल विंचवाचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारात पाचर मारतं. दार मिटत नाही, तंतू संदेश पाठवतच राहतात आणि अ‍ॅड्रेनॅलिन व त्याचं भावंड नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचा पूर येतो. रोगी घामानं निथळतो, उलट्या करतो, त्याचे हातपाय बर्फासारखे पडतात, रक्तदाब चढतो. हृदय आकसलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध झगडून थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि माणूस स्वतःच्याच रसायनात बुडतो.

१९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाचे रोगी त्यांच्या डोळ्यांदेखत जात होते. ते रोग्यांच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब आणि लक्षणांच्या नोंदी ठेवत गेले. १९८२ मध्ये ही निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. मग त्यांनी इलाज शोधला तो या रसायनाच्याच वंशावळीत. १९४८ मध्ये अमेरिकेच्या रेमंड अल्क्विस्टनं सुचवलं होतं की अ‍ॅड्रेनॅलिन पेशींवरच्या दोन निरनिराळ्या ग्राहकांवर (रिसेप्टर) काम करतं. त्यांना त्यानं अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. रक्तवाहिन्या आकसतात त्या अल्फामुळे. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी नेमका अल्फाचाच रस्ता अडवते. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या रोग्यांना दिली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल मांडला. पूर्वी दर १०० गंभीर रोग्यांपैकी २५ ते ३० दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण त्यांच्याकडे १ टक्क्याच्या आसपास आलं. पुढे प्रतिविषाची जोड दिल्यावर रोगी आणखी लवकर बरे होतात, हेही त्यांनी दाखवलं. त्याच आरोग्य केंद्राच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनॅलिनची कुपीही असते. सर्पदंशाच्या प्रतिविषाची जीवघेणी अ‍ॅलर्जी आली तर तीच प्राण वाचवते.

प्राझोसिनची वाट इथे संपली नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अनेक अमेरिकन सैनिकांना वर्षानुवर्षं तीच ती स्वप्नं पडत. घामानं भिजून, छाती धडधडत ते जागे होत. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात या व्याधीला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, म्हणून अधिकृत जागा मिळाली. युद्ध संपलेलं, शत्रू हजारो मैल दूर, तरी हुकूम सुटतच होता. या वेळी तो आठवणीतून येत होता. सिॲटलच्या मरे रस्किंड यांनी अशा सैनिकांना झोपताना प्राझोसिन देऊन पाहिलं. २००३ मधल्या त्यांच्या छोट्या चाचणीत स्वप्नं कमी झाली. डॉक्टरांना मोठी आशा वाटली. पण २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवर केलेल्या मोठ्या चाचणीत गोळी आणि नुसती साखरेची गोळी यांत फरक दिसला नाही.

या अपयशातही शिकण्यासारखं आहे. विंचवाच्या रोग्यात हुकूम देणारं विष काही तासांनी ओसरतं. तेवढा वेळ रसायनाची वाट अडवली की माणूस वाचतो. आघाताच्या रोग्यात हुकूम देणारी आठवण ओसरत नाही, ती रोज नव्यानं तयार होते. रसायन अडवणं तिथे पुरत नाही. म्हणूनच आज या रोग्यांसाठी पहिला सल्ला दिला जातो तो आघाताला सावकाश, सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनं सामोरं जाण्याच्या उपचारांचा. ज्या आठवणीनं मज्जासंस्था हुकूम सोडते, ती आठवण आता धोका नाही, हे त्याच मज्जासंस्थेला शिकवावं लागतं.

तेव्हा कुणाला विंचू चावला आणि घाम, उलटी, गार हातपाय दिसले, तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता जवळचं आरोग्य केंद्र गाठा. आणि अपघात, पूर, भूकंप किंवा हिंसा यांतून वाचलेला माणूस महिने उलटूनही दचकून उठत असेल, तर त्याला मन घट्ट करायला सांगू नका. त्यालाही डॉक्टरकडे न्या. दोघांच्या शरीरात तेच रसायन धावतं आहे, आणि दोघांपैकी कुणीही ते आपल्या इच्छेनं सोडलेलं नाही.