जॉर्जच्या पायांतील बॅटऱ्या

कारेल चापेक या झेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या झेक शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम, म्हणजेच आपल्याकडील वेठ. चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. ते सजीवासारख्या द्रव्यापासून घडवलेले होते. त्यामुळे त्यांना वीज कोठून पुरवावी, हा प्रश्न नाटककारापुढे आला नाही. पत्रा कापून खरोखरीचा यंत्रमानव उभा करण्याचे ज्यांनी मनावर घेतले, त्यांच्यापुढे मात्र तो आला. वेठबिगारालाही भाकरी द्यावी लागते. मग यंत्राची भाकरी कोणती?

१९२८ साली लंडनच्या एका प्रदर्शनात ‘एरिक’ नावाचा यंत्रमानव उभा राहिला. तो उठे, वाके, बोले. चालत मात्र नसे. एका जागी राहणाऱ्या यंत्राला भिंतीतील वीज तारेने देता येते. चालणाऱ्याला आपली शिदोरी बरोबर बाळगावी लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे.

१९५० साली इंग्लंडच्या हवाई दलातील टोनी सेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाने ही अडचण अंगावर घेतली. कोसळलेल्या एका वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानाचा पत्रा त्याला मिळाला. त्यातून त्याने सहा फूट उंचीचा यंत्रमानव घडवला. एकूण खर्च सुमारे १५ पौंड. त्याचे नाव जॉर्ज. तो चाले, मान फिरवी, हात हलवी, खाली बसे. या सर्वांसाठी लागणारी वीज सेलने मोटारसायकलच्या दोन बॅटऱ्यांतून घेतली. वरवर पाहता ही गरिबाची निवड वाटते. विचार केला म्हणजे तिच्यातील शहाणपण दिसू लागते.

त्या वेळी पर्याय तरी कोणते होते? विजेरीतील कोरडे घट स्वस्त आणि हलके. पण मोटर सुरू होताना एकदम जो मोठा प्रवाह ओढते, तो त्यांना पेलत नाही, आणि संपले की फेकून द्यावे लागतात. एडिसनचे निकेल-लोखंडाचे संचायक दणकट खरे, पण १५ पौंडांच्या हिशेबात ते बसण्यासारखे नव्हते. उरला गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केलेला शिसे आणि गंधकाम्ल यांचा संचायक. त्याच्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. तीन घट मिळून ६ व्होल्ट, आणि त्या काळच्या बहुतेक मोटारसायकलींवर हीच ६ व्होल्टची बॅटरी असे.

मग मोटारगाडीची मोठी बॅटरी का नको? कारण शिसे. एक किलोग्रॅम वजनाच्या अशा बॅटरीत जेमतेम ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते. ऊर्जा वाढवावी तर वजन वाढते. वजन वाढले की मोटर मोठी लागते. आणि मोठी मोटर अधिक ऊर्जा मागते. बैलांच्या वैरणीनेच गाडी भरून जावी आणि धान्याला जागा उरू नये, तशी ही गत. उदाहरणादाखल ६ व्होल्ट आणि १२ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, तर हाती येतात १४४ वॉट-तास. शंभर वॉट ओढणारी मोटर त्यांवर कागदोपत्री दीड तास चालेल. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर थांबावे हे बरे. शिशाची बॅटरी तळापर्यंत रिती केली की तिच्या पत्र्यांवरील क्षार घट्ट होऊन बसतो आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही.

बॅटऱ्या ठेवल्या जॉर्जच्या पायांत. छातीत भरपूर जागा असतानाही ओझे खाली नेले, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो आणि सहा फुटी उंच शरीर सहजी कलंडत नाही.

जॉर्जची प्रगती पुढे खुंटली, पण ती बॅटऱ्यांमुळे नव्हे. त्याला काही समजावे, आठवावे, अशी सेलची इच्छा होती, आणि तेवढी स्मरणशक्ती त्या काळच्या संगणकांजवळ नव्हती. जे संगणक होते तेही निर्वात नळ्यांचे. युद्धकाळात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेशांची उकल करणाऱ्या ‘कोलोसस’च्या सुधारित यंत्रात सुमारे २,४०० नळ्या होत्या. प्रत्येक नळीची तार तापवण्यास दोन वॉट धरले, तरी पाच किलोवॉट होतात. असा मेंदू जॉर्जच्या पायांतील बॅटऱ्यांनी दोन मिनिटेसुद्धा पोसला नसता. पुढे १९९३ पासून याच सेलने त्या कोलोससची पुनर्बांधणी हाती घेतली आणि २००७ पर्यंत ती तडीस नेली, हा योगायोगही मोठा नवलाचा.

जॉर्ज मात्र सुमारे ४५ वर्षे गराजमध्ये उभा होता. दरम्यान १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, आणि २०१९ साली गुडिनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना तिच्याबद्दल नोबेल पारितोषिकही मिळाले. तेवढ्याच वजनात ती शिशाच्या कित्येक पट ऊर्जा साठवते. २०१० साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, सेलने जॉर्जला बाहेर काढले, सांध्यांतील बेअरिंगना तेल दिले, त्याच पायांत दोन नव्या लिथियम बॅटऱ्या बसवल्या आणि कळ दाबली. विमानाच्या पत्र्याचा तो माणूस पाऊल उचलून चालू लागला.