धूळपाटीपासून डिजिटल फळ्यापर्यंत

गेल्या वर्षी मंगरूळपीर तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेत जाण्याचा योग आला. मुख्याध्यापकांनी मोठ्या अगत्याने स्वागत केले आणि शाळेचा ‘डिजिटल वर्ग’ दाखविण्यासाठी आम्हांस आत नेले. प्रथम दाराचे कुलूप उघडले, मग लोखंडी कपाटाचे. कपाटात कापडात नीट गुंडाळलेला प्रोजेक्टर होता. सेल गळू नयेत म्हणून रिमोटमधून काढून वेगळ्या डबीत ठेवले होते. “मुलांचा हात लागला तर बिघडेल, फादर. बिघडला तर दुरुस्तीला अकोल्याला न्यावा लागतो,” असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते, काळजी होती. समोरच्या भिंतीवर जुना काळा फळा होता. त्यावर कोणा मुलाने वाकड्यातिकड्या अंकांत तेराचा पाढा लिहिला होता. सातव्या ओळीत चूक झाली होती, ती पुसून दुरुस्त केली होती आणि पुसल्याचा पांढरा डाग तसाच राहिला होता.

परतताना एक प्रश्न मनात घोळत राहिला. शिकविण्याचे नवे साधन शाळेत येते, तेव्हा नेमके काय येते? केवळ वस्तू येते, की शिकविण्याची नवी रीतही येते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही इतिहासाची काही पाने उलटली. ती वाचकांसमोर ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे आणि हात फिरवून पुन्हा कोरी पाटी करायची. या साधनाला पैसा लागत नसे आणि चूक पुसण्याची लाजही वाटत नसे. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे अधीक्षक होते. तेथील एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवीत असल्याचे त्यांनी पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणावी असे ठरविले. साहाय्यक शिक्षकांना ते रुचले नाही. तेव्हा बेल यांनी आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यालाच लहानग्यांना शिकविण्यास बसविले आणि प्रयोग यशस्वी झाला. १७९७ साली त्यांनी लंडनमध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांतही विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकविण्याची पद्धत आणि वाळूचे तबक दिसू लागले. आज आपण नव्या साधनांसाठी पश्चिमेकडे पाहतो. एके काळी पश्चिमेने आपल्या वाळूकडे पाहिले होते, हे विसरू नये.

साधनाच्या मर्यादेचा अनुभव त्याआधीही एका संन्याशाने घेतला होता. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. गोव्यात छापखाना १५५६ पासूनच होता. स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. याचे कारण १६०८ च्या त्यांच्या पत्रातून उमगते. या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापली जावीत अशी त्यांची तीव्र इच्छा होती. तथापि देशी लिपीत अक्षरे जोडाक्षरांच्या व काना-मात्रांच्या रूपाने लिहिली जात असल्याने सुमारे ६०० साचे लागतील, हा मोठा अडथळा होता. भाषा सिद्ध होती, कवी सिद्ध होता, वाचक सिद्ध होते. अडले ते साच्यांपाशी. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्यासाठी परिश्रम घेतले आणि १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. आज खेड्यातील विद्यार्थी मोबाइलवर मराठीत लिहितो, तेव्हा स्टीफन्स यांची चारशे वर्षांपूर्वीची अडचण दूर झालेली असते. नवे तंत्र म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी याचे स्मरण ठेवावे.

मात्र तंत्रापेक्षा रीत मोठी, हे फ्रान्समधील संत जॉन बाप्टिस्ट द ला साल (१६५१–१७१९) यांनी दाखवून दिले. त्या काळी गुरुजी एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवीत आणि बाकीची मुले रिकामी बसत. वाचनाची सुरुवात लॅटिनपासून होई. ला साल यांनी गरिबांच्या मुलांचे वर्ग पाडून त्यांना एकत्र शिकविले आणि वाचनाचा आरंभ मुलांच्या स्वतःच्या फ्रेंच भाषेतून केला. शिक्षकांना घडविण्यासाठी त्यांनी स्वतंत्र व्यवस्थाही उभारली. यात एकही नवे यंत्र नव्हते. मुले बसतात कशी आणि कोणत्या भाषेत शिकतात, एवढाच बदल होता. पण शाळेचे रूप त्याने पालटले.

मुंबई इलाख्यात १८२२ साली देशी शिक्षणासाठी एक सोसायटी स्थापन झाली. तिच्या समितीने आरंभीच चार उणिवा नोंदविल्या: पुस्तके नाहीत, शिकविण्याची सुलभ पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि द्रव्य नाही. दोनशे वर्षांनंतरही कोणत्याही शिक्षणविषयक बैठकीत हीच यादी थोड्या फेरफाराने ऐकू येते. त्या यादीत न आलेली पाचवी उणीव जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून दाखविली. ती म्हणजे, शाळेच्या दाराबाहेर उभे ठेवलेले मूल.

विसाव्या शतकात त्या दाराबाहेरच्या मुलाकडे शाळेनेच जावे, असा विचार ताराबाई मोडक यांनी केला. त्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखण्यास जात, म्हणून शाळाच कुरणात नेली, तीच ‘कुरणशाळा’. पाने, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य. विकत घेतलेल्या वस्तूंनी भरलेल्या कपाटापेक्षा मुलाच्या मुठीतली चिंचोकी अधिक शिकविते, हा धडा त्यांनी महाराष्ट्राला दिला.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने साधनांचा प्रश्न हाती घेतला. १९६७ साली पुण्यात ‘बालभारती’ स्थापन झाली. १९८४ साली तेथेच शैक्षणिक चित्रफिती निर्माण करणारी ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. ती २०१७ मध्ये बंद झाली. १९८४ मध्येच केंद्र शासनाच्या ‘क्लास’ योजनेखाली देशातील सुमारे २५० शाळांत इंग्लंडमधील बीबीसी मायक्रो संगणक आले. १९८७ साली खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य असावे, असा तिचा संकल्प होता. एकाच दशकात एकीकडे संगणक आणि दुसरीकडे खडू-फळ्याची मोहीम! आपल्या देशाचे हे दुहेरी चित्र त्या दोन योजनांत स्पष्ट दिसते.

संगणक शाळेत पोहोचल्यावर काय होते, याचे एक उद्बोधक उदाहरण बडोद्याचे. २००० साली गुजरात शासनाने तेथील सुमारे शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. १९९५ मध्ये मुंबईत कार्यास लागलेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००२ साली पाहणी केली, तेव्हा फारच थोडे संगणक मुलांच्या हाती पडत असल्याचे आढळले. मग संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यात दोन तास, दोघांत एक संगणक अशा रीतीने गणिताचे खेळ दिले आणि सोबत मार्गदर्शक नेमले. याच सुमारास मुंबई व बडोद्यात ‘बालसखी’ योजनेखाली वस्तीतीलच तरुणी अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवीत होत्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या दोन्ही उपक्रमांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. दोन्हींनी गुण वाढले. गणितात संगणकाने अधिक वाढले. परंतु खर्चाच्या मानाने बालसखी कितीतरी स्वस्त व फलदायी ठरली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात दोन्हींचा लाभ बराच ओसरला. तात्पर्य, यंत्र निरुपयोगी नाही आणि चमत्कारीही नाही. त्याच्याशेजारी कोणीतरी बसावे लागते, आणि ते बसणे थांबता कामा नये.

असे शेजारी बसणारे शिक्षक आपल्या राज्यात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले रुजू झाले, तेव्हा त्या शाळेला गुरांच्या गोठ्याचा शेजार होता. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापले, जेणेकरून साध्या मोबाइलने कविता ऐकता यावी, पाठ पाहता यावा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी ही कल्पना स्वीकारली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे ठरविले. क्यूआर कोड ही शाईची एक चौकट आहे. तिच्यामागे मुलाच्या घरी काय आहे आणि काय नाही याचा विचार होता, म्हणून ती उपयोगी पडली.

याच २०२० सालाची एक आठवण सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ती आमच्या चुकीची आहे.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. अभ्यास मोबाइलवर येऊ लागला. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिकाही सुरू झाली. आमच्या ओळखीच्या कुटुंबांत बहुधा एकच मोबाइल असे आणि तो बापासोबत कामावर जाई. सोयाबीनच्या शेतातील मचाणावर चढून सिग्नल शोधणारी मुले आम्ही डोळ्यांनी पाहिली. आम्ही हितचिंतकांकडून तीन जुने मोबाइल मिळविले. दहावीची परीक्षा महत्त्वाची म्हणून तिन्ही दहावीच्या मुलांना दिले. सातवीतील एक मुलगी, शेतमजूर विधवेची कन्या, दोनदा विचारून गेली. “पुढच्या वेळी बघू, बेटा,” असे आम्ही म्हणालो. पुढची वेळ आली नाही. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ती आईसोबत निंदणाला जाऊ लागली होती. आम्ही तिच्या घरी गेलो. ती नम्रपणे म्हणाली, “आता समजत नाही, फादर. मधलं सगळं सुटलं.” तिला मोबाइल मिळाला असता तर ती शिकली असतीच, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा तिच्या ओसरीवर पाटी-पेन्सिल घेऊन बसणे आम्हांस अशक्य नव्हते. मोबाइल नाही म्हणजे शिक्षण नाही, असे आम्हीच मनाशी धरून बसलो होतो.

‘असर’ अहवालाने २०२४ साली ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येतो असे सांगणारी मुले ८२ टक्के होती. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. म्हणजे यंत्र आता घरोघरी पोहोचले आहे. आज दुष्काळ आहे तो शेजारी बसणाऱ्या माणसाचा. वाशीम हा २०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांपैकी एक. येथील शाळांना संगणक, प्रोजेक्टर, इंटरनेट हवेच. त्यांस विरोध करणे म्हणजे स्टीफन्स यांच्या इच्छेचा अव्हेर करणे होय. आमची विनंती इतकीच की, ते कपाटाबाहेर असावेत, मुलांचा हात त्यांना लागावा आणि प्रसंगी बिघडावेतही.

त्या मुख्याध्यापकांना आम्ही पुन्हा भेटलो. दुरुस्तीचा खर्च आम्ही मिळवून देऊ, आपण दार उघडे ठेवा, असे सांगितले. ते हसले व म्हणाले, “मग शनिवारी तुम्हीच येऊन बसा मुलांसोबत.” आता आम्ही शनिवारी जातो. ती मुलगीही कधीकधी येते. मागच्या बाकावर बसते आणि तिसरीच्या लहानग्यांना पाढे म्हणून दाखविते.