रस्ता आणि क्रीडांगण : पुण्याची मॅरेथॉन व बालेवाडीची क्रीडानगरी

नगराच्या इतिहासात क्रीडेला सामान्यतः गौण स्थान मिळते. तथापि सार्वजनिक जागा कोणासाठी निर्माण झाल्या व त्यांवर कोणाचा अधिकार मानला गेला, हे पाहावयाचे असेल तर क्रीडांगणाइतके बोलके साधन विरळा. पुण्यातील वार्षिक मॅरेथॉन शर्यत व म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरी यांचा इतिहास एकत्र पाहिला असता याचा प्रत्यय येतो.

मॅरेथॉन ही रस्त्यावरील शर्यत खरी. परंतु क्रीडांगणाशी तिचे नाते जन्मापासूनचे आहे. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिक सामन्यांत ती मॅरेथॉन गावापासून निघून प्राचीन क्रीडागारात संपली. १९०८ साली लंडन येथे विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या सज्जापर्यंत जे अंतर भरले, तेच ४२.१९५ किलोमीटर पुढे १९२१ साली प्रमाण ठरले. शर्यतीची लांबीदेखील अशा रीतीने क्रीडांगणानेच निश्चित केली.

पुण्यातील क्रम याहून निराळा आहे. येथे धावपटू आधी आले. भव्य क्रीडांगण फार मागाहून आले. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१९ साली मैदानी स्पर्धा भरविल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना तेथे असे आढळले की, शास्त्रशुद्ध शिक्षण न मिळालेले, अनवाणी धावणारे शेतकरी तरुण लांब पल्ल्याच्या शर्यतींत युरोपीय धावपटूंच्या तोडीचा वेग दाखवीत आहेत. त्या निरीक्षणातून १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस सहा खेळाडूंचा भारतीय संघ गेला. बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले हे तेथील मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. नगरातील संस्थेने संधी द्यावी व ग्रामीण भागाने गुण पुरवावा, हा संबंध येथे प्रथम स्पष्ट झाला.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनचा आरंभ १९८३ सालचा. या शर्यतीस नवी वास्तू लागली नाही. शहराचे नित्याचे रस्तेच काही तासांपुरते मैदान झाले. बालेवाडीची क्रीडानगरी याउलट शासनाच्या संकल्पाचे व एका विशिष्ट प्रसंगाचे फळ होय. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांकरिता ती उभारण्यात आली. धावपट्टी, जलतरण तलाव, कुस्ती, बॅडमिंटन व टेनिस अशा विविध खेळांच्या सोयी तेथे एकत्र आल्या. पुढे २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा, २०१३ ची आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा व २०१९ ची खेलो इंडिया युवा स्पर्धा तेथे झाल्या.

या यादीवरून क्रीडानगरीचा लौकिक सिद्ध होतो, उपयोगिता मात्र पूर्णतः सिद्ध होत नाही. मोठा समारंभ काही दिवसांचा असतो. खेळाडूची घडण वर्षानुवर्षांची असते. ‘बहूद्देशीय’ या विशेषणाचा खरा अर्थ खेळांच्या संख्येवरून नव्हे, तर उपयोग करणाऱ्यांच्या व्याप्तीवरून ठरविला पाहिजे.

नंदुरबारचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा आदिवासीबहुल जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे बालेवाडीची क्रीडानगरी त्याहून चार वर्षांनी जुनी. सातपुड्याच्या डोंगरवाटांवर चालण्याधावण्याची सवय असलेल्या धडगाव वा अक्कलकुवा येथील मुलाच्या दृष्टीने पुण्याची धावपट्टी दूरचीच. जिल्हा व तालुका पातळीवर क्रीडासंकुले उभारण्याचे धोरण राज्याने पुढे स्वीकारले, त्यामागील आवश्यकता या अंतरातच आहे.

सारांश, १९१९ साली जिमखान्याच्या मैदानाने जे कार्य केले ते वास्तूच्या भव्यतेमुळे नव्हे, तर खेड्यातील अनवाणी धावपटूस तेथे प्रवेश मिळाला म्हणून. शतकानंतर उभ्या असलेल्या विशाल क्रीडांगणांचे मूल्यमापन करतानाही इतिहासाला हीच कसोटी लावावी लागेल.