मॅट्रिकपासून अर्जापर्यंत : बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांची वाट

काही वर्षांपूर्वी आम्ही घाटाखालच्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एका शेतमजुराची मुलगी बारावीला विज्ञान शाखेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही तिचा सत्कार केला, तिला पेन व पुष्पगुच्छ दिला आणि कौतुकाचे चार शब्द बोललो. ऑगस्टमध्ये ती आमच्याकडे शिफारसपत्र मागावयास आली, तेव्हा प्रवेशाची शेवटची फेरी होऊन गेली होती. उत्पन्नाचा दाखला काढायचा असतो, त्याला दिवस लागतात आणि अर्जाची तारीख कोणासाठी थांबत नाही, हे तिच्या घरी सांगणारे कोणी नव्हते. त्या वर्षी ती आईबरोबर कापूस वेचावयास गेली. आम्ही सत्कार केला, पण चौकशी केली नाही. ही सल मनात राहिली, आणि तिच्यापोटीच आम्ही एक प्रश्न घेऊन या जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळलो : येथील मुले महाविद्यालयाच्या दारापर्यंत आजवर पोहोचली तरी कशी?

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे त्याच पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही मुळात विद्यापीठात प्रवेश देणारी परीक्षा होती, हे आज आपण विसरून गेलो आहोत. प्रवेशपरीक्षेचा जाच काही आजचा नव्हे!

वऱ्हाडात त्या आरंभीच्या काळात सरकारी हायस्कुले होती दोनच, एक अकोल्याला व दुसरे अमरावतीला. म्हणजे मेहकरच्या वा चिखलीच्या मुलाला मॅट्रिकला बसण्यासाठीच आधी घर सोडावे लागे. परगावी राहायचे कोठे आणि जेवायचे कोणाकडे? ज्यांचे नातेवाईक कचेरीत नोकरीला होते, त्यांना ओसरी मिळे. ब्राह्मणांच्या गरीब मुलांना वार लावून जेवण्याची सोय होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलासाठी असे एकही घर उघडे नव्हते. वऱ्हाडचे सुप्रसिद्ध पुढारी दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८७७ साली पदवीधर झाले. त्यांची बुद्धी असामान्य होतीच, तथापि त्यांचे वडील सरकारी नोकरीत चढत गेलेले गृहस्थ होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईची वाट त्या घराला ठाऊक होती.

पुढे आगगाडी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला. तो काढला कापसाच्या गाठी नेण्यासाठी, पण त्याच गाडीने विद्यार्थीही जाऊ लागले. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ साली अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात आले. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या घाटाखालच्या गावांना अशी गाडी लाभली. घाटावर मात्र, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागात, आजतागायत रेल्वे धावलेली नाही. एकाच जिल्ह्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या.

गाडी तरी कोठवर न्यायची? नागपूरला १८८३ साली स्कॉटिश मिशनचे हिस्लॉप महाविद्यालय निघाले आणि १८८५ मध्ये मॉरिस महाविद्यालय. वऱ्हाडच्या स्वतःच्या भूमीवर अमरावतीला किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले ते १९२३ साली. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. नागपूर विद्यापीठाचे वर्षही तेच. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर वऱ्हाडी विद्यार्थ्याला आपल्या प्रांतातल्या महाविद्यालयासाठी अशी सहासष्ट वर्षे वाट पाहावी लागली.

तथापि महाविद्यालय जवळ आल्याने शेतकऱ्याचा मुलगा आपोआप तेथे पोहोचत नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख अग्रगण्य होत. १८९८ साली पापळ या खेड्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी कर्ज काढून त्यांना विलायतेला पाठविले. परत आल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले व तेथे सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. श्री शिवाजी शिक्षण संस्था ही त्यानंतरची. आधी वसतिगृह व मग शिक्षणसंस्था, हा क्रम आम्हांस फार बोलका वाटतो. खेड्यातल्या मुलाला पाठ्यपुस्तकाआधी अंथरूण, भाकरी आणि ‘पुढे काय करायचे’ हे सांगणारा वडीलधारा हवा असतो. वसतिगृहाच्या एकाच छपराखाली त्याला हे तिन्ही मिळत. वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्या मुलाचा अर्ज भरून देई, आणि जे ज्ञान आजवर काही घरांपुरते होते ते असे पंक्तीत वाढले जाई.

यानंतर शासनाचा हात पुढे आला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. खामगावला १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, महाविद्यालय निघाले आणि जिल्ह्यातल्या मुलांना पदवीचे शिक्षण घराजवळ मिळू लागले. येथे आपल्या समाजाशी निगडित एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. आदिवासी कुटुंबांच्या बाबतीत मात्र धर्माची अशी आडकाठी नाही. आपली सवलत नेमकी कोणती व तिला दाखला कोणता, हे वेळीच न कळल्यामुळे हाती आलेली संधी निसटल्याची उदाहरणे आम्ही स्वतः पाहिली आहेत.

१९७५ साली जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली. १९८३ हे वर्ष तर दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. ज्या गावी लोक केवळ दर्शनाला येत, तेथे आता प्रांतोप्रांतीची मुले शिकावयास येऊ लागली. अंतर कमी झाले, पण कागद वाढले. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, नॉन-क्रिमिलेयर अशी माळ लांबत गेली. वैद्यकीयसाठी ‘नीट’ परीक्षा आली, आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून आणखी एक सामायिक परीक्षा आली. २०२५ साली तर अकरावीचा प्रवेशही राज्यभर संगणकावरून होऊ लागला. पूर्वी घाट आडवा येई. आता पडद्यावरचा एक रिकामा रकाना आडवा येतो.

या नव्या घाटातून वाट काढणारे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणार तालुक्यातील पिंप्री खंदारे येथील राजू केंद्रे हे महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या घराण्यातील पहिल्या पिढीचे. मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेपर्यंत पोहोचले. आपल्याला जे धडपडत शिकावे लागले ते मागून येणाऱ्यांना सरळ सांगावे, या हेतूने २०१७ साली त्यांनी ‘एकलव्य’ हे कार्य उभे केले. नामांकित संस्थांत पोहोचलेली मुले तेथे आपल्यामागच्या मुलांना हाताशी धरतात. कोणती संस्था निवडावी, अर्जात स्वतःविषयी काय लिहावे, मुलाखतीला कसे सामोरे जावे, हे ती शिकवितात. २०२१ साली केंद्रे यांना ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली व ते लंडनला शिकावयास गेले. छात्रालयातला तो वरच्या वर्गातला मुलगाच येथे नव्या रूपात भेटतो, असे आम्हांस वाटते.

दीडशे वर्षांच्या या वाटचालीत बुद्धीची वाण आम्हांस कोठेही आढळली नाही. वाण होती ती वाट ठाऊक असलेल्या माणसाची. कधी तो माणूस वडिलांच्या रूपाने घरात होता, कधी वसतिगृहात भेटला, आणि ज्यांना तो कोठेच भेटला नाही ती मुले शेतात परतली. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

म्हणून आता आम्ही आमच्या धर्मग्रामात एक साधा पायंडा पाडला आहे. दहावी व बारावीच्या मुलांच्या घरी आम्ही निकालानंतर जात नाही; नाताळच्या सुट्टीतच जातो. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले, शाळेतले व आधारपत्रावरचे नाव एकच आहे काय, ते पाहतो. दाखले कोणते लागतील याची यादी भिंतीवर लावून येतो. गावातली जी मुले पुढे शिकत आहेत, त्यांना मे महिन्यात दोन दिवस धर्मग्रामाच्या सभागृहात बसवितो. अर्ज तीच भरून देतात, आम्ही चहा देतो.

ती मुलगी पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करून परिचारिका शिक्षणाला गेली. तिचे ते एक वर्ष आम्हांला परत देता आले नाही. गेल्या मे महिन्यात सभागृहातल्या त्या बाकावर बसून ती इतर मुलांचे दाखले तपासून देत होती.