रहाटपाळणा आणि बाकडं

जत्रेतल्या त्या उंच गोल चक्राला मराठीत फार मजेशीर नाव आहे: रहाटपाळणा. रहाट म्हणजे विहिरीवरचं चाक. आमच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग-चौल-रेवदंडा पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये, नारळी-पोफळींना पाणी मिळायचं ते या रहाटानं. बैल किंवा रेडा गोल फिरायचा आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर यायची. आणि पाळणा तर काय, तान्ह्या बाळाचा. इंग्रजीत या यंत्राला एका इंजिनीयरचं आडनाव मिळालं, आपण मात्र वाडीतली विहीर आणि माजघरातलं बाळ एकत्र बांधून मोकळे झालो.

आज लिहायचंय ते या पाळण्याबद्दल, तो जत्रेतून उठून थीम पार्कात कसा गेला त्याबद्दल, आणि मुख्य म्हणजे त्याच्या खाली पिशव्या सांभाळत बसलेल्या माणसांबद्दल.

आधी त्या इंजिनीयरचं बघू. जॉर्ज फेरिस हा पुलांचं पोलाद तपासणारा माणूस. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यानं २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. ३६ डबे, एका डब्यात ६० माणसं, म्हणजे एका वेळी २१६० जण हवेत! (आपल्या भाषेत कपॅसिटी म्हणतात ती हीच.) दोन फेऱ्यांना साधारण वीस मिनिटं आणि तिकीट ५० सेंट. पण कल्पना त्याची नव्हे. १६२० साली पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं आजच्या बल्गेरियातल्या एका गावात, जे तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होतं, लाकडी चक्रावर झोके घेणारी माणसं पाहिली आणि त्याचं चित्रही काढून ठेवलं. हाच मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. तात्पर्य काय, फेरिसनं पाळणा शोधला नाही, प्रचंड मोठा केला. तोवर तो बहुतेक ठिकाणी हातानं फिरत होता. जत्रांमधून कितीतरी वर्षं तसाच फिरत राहिला.

आता आपल्या भागात येऊ. पेण-खोपोली रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. खोपोलीजवळ साजगाव आहे आणि तिथं कार्तिकी एकादशीपासून पंधरा दिवस जत्रा भरते, बोंबल्या विठोबाची. नावावर हसू नका :-) तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी या भागात उतरत अशी आख्यायिका आहे आणि या विठोबाचं नातं तिच्याशी जोडतात. जत्रेची दुसरी ख्याती सुक्या मासळीची. विठ्ठलाच्या दारात सुके बोंबील! पण हिशेब सरळ आहे. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो, चार महिने पाळलेलं लोक सोडतात, भाताची कापणी-झोडणी आटोपत आलेली असते आणि हातात थोडे पैसे असतात. जत्रेचं टायमिंग शेतकऱ्याच्या कॅलेंडरवर बसवलेलं आहे.

माझं घर पेणचं, आजोळ रोह्याचं आणि आजीचं माहेर खालापूर तालुक्यातलं. त्यामुळे ही जत्रा मी आजीच्या तोंडून पुष्कळ ऐकली आहे. तिच्या लहानपणी, म्हणजे १९५० च्या सुमारास, घरातली सगळी माणसं बैलगाडीनं जायची. पाळणा लाकडी, चार खोक्यांचा, दोन माणसं हातानं लोटायची. कुणी कुणाला "चला, मुलांना फिरवून आणू" असं म्हणत नसे. वडील देवाला जात, आई आणि काकू मासळी आणि भांडी बघायला जात, आजोबांना घोंगडी हवी असे आणि पोरं सगळ्यांच्या मागे फरफटत जात. पाळणा शेवटी, पैसे उरले तर.

यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. जत्रा मुलांसाठी नव्हती, पण त्यामुळेच ती सगळ्यांसाठी होती. प्रत्येक वयाच्या माणसाला तिथं स्वतःचं काहीतरी काम होतं. आत शिरायला फाटक नव्हतं, म्हणून तिकिटाचे पैसे वसूल करायची घाईही नव्हती. पाळण्यात न बसणारी आजी रिकामी नव्हती, ती बाजारात होती. रोह्यात धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते आणि पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात, तिथंही हेच. खांद्यावरचं पोर बंदुकांकडे बघतं आणि त्याचा आजा पालखीकडे. पेणमध्ये तर पोरांना गणपतीचे कारखानेच होते. दारात उभं राहून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बघायला कुणी पैसे मागत नसे.

मग खास मुलांसाठी जागा कधी आल्या? आपल्याकडे आधी शहरांत. मुंबईच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आणि पुण्याच्या पेशवे पार्कातली, १९५६ साली सुरू झालेली फुलराणी. इथं पहिल्यांदा मूल हेच सहलीचं कारण झालं आणि मोठी माणसं सोबतीला. त्यानंतर १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं. तिथं बहुतेक जण होडीनं खाडी ओलांडून जात, आणि आमच्या पिढीतल्या पुष्कळांना त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते होडीच. होडीत आजीही बसायची ना!

जगातली मोठी उडी मात्र १९५५ ची. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना घेऊन जायचा. मुली घोड्यांच्या चक्रावर बसायच्या आणि बापूस बाकड्यावर शेंगदाणे खात. ही हकिकत त्यानं स्वतःच सांगितलेली आहे. बाकड्यावर बसून त्याच्या डोक्यात आलं, की आईबाप आणि मुलं दोघांनाही मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा हवी. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. म्हणजे डिस्नेला सोडवायचा होता तो प्रॉब्लेम बाकड्याचा होता! किल्ला, उंदीर, परेड हे सगळं नंतरचं.

आणि त्याचं उत्तर काय होतं, तर कुणालाही बसता येईल अशी हळू चालणारी राइड. अंधारातून डबा सरकतो, दोन्ही बाजूंना गोष्ट घडत जाते, पोटात गोळा येत नाही. पण अशी राइड बांधायला जागा लागते, इमारत लागते, पुतळे, दिवे, आवाज, सगळं लागतं. नुसते लोखंडी रूळ टाकून त्यावरून माणसं उलटीपालटी करणं त्या मानानं सुटसुटीत, आणि जाहिरातीत दिसतंही तेच.

तिकिटाचाही इतिहास आहे. डिस्नेलँडमध्ये सुरुवातीला फाटकावर थोडे पैसे आणि आत राइडगणिक कूपन अशी पद्धत होती. 'ए' पासून 'ई' पर्यंत दर्जे, 'ई' सगळ्यात भारी. १९८२ मध्ये ती बंद झाली आणि एकदाच पैसे भरा, मग हवं तेवढं बसा, असं सुरू झालं. आता जगभर बहुतेक ठिकाणी हेच असतं. सोपं आहे, पण त्यामुळे बाकड्यावर बसणाऱ्या माणसालाही दिवसभराचं तिकीट पडतं.

आपल्या भागात हे सगळं पोचलं १८ एप्रिल २०१३ ला. खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं, साजगावच्याच खालापूर तालुक्यात. मागे होते मनमोहन शेट्टी, म्हणजे 'अॅडलॅब्ज'वाले, ज्यांनी 'अर्धसत्य'च्या निर्मितीत भाग घेतला ते. खर्च सुमारे १६०० कोटी. जागा इथंच का, याचं उत्तर नकाशात आहे. २००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण झाला आणि मुंबई व पुणे ही दोन्ही शहरं खोपोलीपासून एका सकाळीत गाठता येऊ लागली. दोन शहरांची गर्दी एकाच फाटकावर.

कागदावर उत्तम. पण जत्रा आणि पार्क यांच्या हिशेबात मूळचाच फरक आहे. जत्रेचा पाळणा पंधरा दिवस फिरतो आणि मग ट्रकात बसून दुसऱ्या गावच्या जत्रेला जातो. गर्दी जिथं, तिथं पाळणा. पार्क जागचा हलत नाही, त्याला बाराही महिने गर्दी स्वतःकडे ओढावी लागते, आणि त्यात आपल्या कोकणचा चार महिन्यांचा पाऊस. कर्जाचं व्याज काही पावसाळ्याची सुट्टी घेत नाही. तशात २०२० ची टाळेबंदी आली. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं कंपनी ताब्यात घेतली. पार्क चालू राहिला, हे चांगलंच झालं.

गेल्या डिसेंबरात आमची वरात तिथं गेली. वरातच म्हणायची, कारण एकूण तेरा माणसं. बंगळुरूहून ताई, भावजी आणि चार वर्षांची भाची. पेणहून आम्ही खोपोलीमार्गे, रोह्याहून मामा, मामी, मामेभावंडं आणि आजी पालीमार्गे. आजी ८१ वर्षांची, गुडघ्यांनी त्रासलेली. आदल्या रात्री फोनवर मामा म्हणाला होता, "आई, तू राहा की घरी, तिथं तुला काय करायचंय?" त्यात प्रेम आणि काळजीच होती. आजी म्हणाली, "पणतीला आणताय ना? मग मी येणार."

आत शिरल्यावर तासाभरात तेरा माणसांचे चार गट झाले. कॉलेजातली भावंडं मोठ्या रोलर कोस्टरकडे पळाली. ताई-भावजी भाचीला घेऊन छोट्यांच्या राइड्सकडे. मामा-मामी कुठल्याशा शोच्या रांगेत. आणि बाकड्यावर आजी, आई, पाच पिशव्या आणि मी. (मला उलटं व्हायची हौस नाही, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.)

हे गट कुणी मुद्दाम पाडत नाही. राइडपाशी उंचीची खूण असते, ती पाडते. ही खूण वयाची नसते, तर सीटवरचा दांडा अंगावर घट्ट बसतो की नाही याची. शरीर लहान असेल तर ते दांड्याखालून निसटू शकतं. नियम अगदी रास्त आहे, त्यात कुणी हुज्जत घालू नये. पण वरच्या बाजूला वयाची अशी पट्टी सहसा नसते. तिथं गुडघा, बीपी, पाठ हेच ठरवतात. चार वर्षांची पणती आणि ८१ वर्षांची पणजी, दोघीही मोजणीच्या बाहेर. एक पट्टीखाली, एक पट्टीपलीकडे.

दुपारी भाची कंटाळून बाकड्यापाशी आली. समोर घोड्यांचं चक्र होतं, हळू फिरणारं. ती म्हणाली, "पणजी, तू चल." मी आणि आईनं हात धरून आजीला चढवलं, घोड्यावर नव्हे, बसायच्या जागेवर. दोन वेळा फिरल्या दोघी. दिवसभरातल्या सगळ्या फोटोंमध्ये चार पिढ्या एकत्र दिसतात तो फोटो तेवढाच आहे. उतरल्यावर आजी म्हणाली, "साजगावचा पाळणा याच्यापेक्षा जोरात जायचा."

परतताना पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं. अष्टविनायकांतला हा गणपती भक्ताच्या नावानं ओळखला जातो आणि तो भक्त म्हणजे एक लहान पोर. बल्लाळ गावातल्या मुलांना घेऊन दगडाचा देव मांडून खेळत बसे, मुलं घरी यायचं विसरत आणि मोठी माणसं संतापत. ही गोष्ट भाचीला सांगितली आजीनं, आणि ती ऐकायला सगळे तेरा जण थांबले. सकाळपासून पहिल्यांदाच.

थीम पार्क वाईट आणि जत्रा थोर असं मला म्हणायचं नाहीये. जत्रेत चेंगराचेंगरी असायची, पोरं हरवायची आणि त्या लाकडी पाळण्याची कुणी तपासणी करत नव्हतं. तिथल्यापेक्षा माझी भाची इथं शंभर पटींनी सुरक्षित होती. मला खटकतं ते एवढंच, की सहल मुलासाठी झाली की कुटुंबातून पहिलं नाव गळतं ते म्हातारीचं. "तुला काय करायचंय तिथं?" या प्रेमळ वाक्यानं. आज आजी, उद्या आई, परवा आपण.

डिस्नेनं बाकडं उठवायला पार्क काढला, आणि सत्तर वर्षांनी बाकडं अजून तिथंच आहे. पार्कवाले त्यांच्या परीनं बघतील. आपण आपलं बघावं. ऑफिसात ऑन-कॉलच्या पाळ्या लावतोच की, तशी बाकड्याची पाळी लावावी. दर तासाला माणूस बदलायचा, म्हणजे पिशव्यांपाशी दिवसभर एकच चेहरा नको. आणि दिवसाची सुरुवात सगळ्यांना जमेल अशा राइडनं करावी, मग खुशाल पांगावं.

येत्या कार्तिकात आजीला साजगावला न्यायचं ठरलंय. तिला सोडे आणि सुके बोंबील घ्यायचे आहेत. भाचीची बंगळुरूहून तिकिटं काढून झाली.