सिंगलटन: एकपणापेक्षा सोयीचा इतिहास

गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी 1994 साली ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात 23 पॅटर्न्स मांडले. त्यांतला सिंगलटन समजायला अगदी सोपा: क्लासचा ऑब्जेक्ट एकच असावा आणि तो कुठूनही मिळावा. या दोन अटींपैकी वेबवर सिंगलटन फोफावला तो दुसरीच्या जोरावर. पहिली बरेचदा नावापुरतीच राहिली.

पीएचपीचेच पाहा. पीएचपी 4 मध्ये ऑब्जेक्ट दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवला की त्याची प्रत होई, त्यामुळे सिंगलटन जपणे किचकट होते. जुलै 2004 मध्ये आलेल्या पीएचपी 5 ने ही अडचण दूर केली, शिवाय प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर आणि स्टॅटिक प्रॉपर्टी दिल्या. मग डेटाबेसच्या क्लासना ठरीव साचा मिळाला: कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट, आणि ‘गेटइन्स्टन्स’ ही स्टॅटिक मेथड, जी ऑब्जेक्ट नसेल तर बनवते, असेल तर तोच हाती देते. पण पीएचपीच्या नेहमीच्या रचनेत प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि संपताच तिचे ऑब्जेक्ट्स नष्ट होतात. एकाच वेळी शंभर रिक्वेस्ट आल्या, तर ‘एकमेव’ ऑब्जेक्टही शंभर! जावाच्या सर्व्हरवर अनेक थ्रेड एकाच प्रोसेसमध्ये चालतात, म्हणून तिथे एकपणाला खरा अर्थ होता. पण तो राखणेच कठीण. त्यासाठीची डबल-चेक्ड लॉकिंग ही लोकप्रिय युक्ती जुन्या मेमरी मॉडेलमध्ये फसवी निघाली; 2004 च्या जावा 5 पासून ‘व्होलटाइल’ लावल्यावरच ती भरवशाची झाली.

कोणी म्हणेल, डेटाबेसची जोडणी पुन्हा पुन्हा उघडू नये ही गरज तर खरी होती, आणि वाटेल त्याने बदलावे अशा ग्लोबल व्हेरिएबलपेक्षा सिंगलटन बरा. दोन्ही मान्य. पण ‘गेटइन्स्टन्स’ पोटात दडवलेली मेथड डेटाबेसला हात लावते, हे तिच्या पॅरामीटर्सवरून कळत नाही आणि टेस्ट करताना तिथे खोटा डेटाबेस सहज बसवता येत नाही. 2004 मध्येच मार्टिन फाउलर यांच्या लेखाने ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केले: लागणारा ऑब्जेक्ट क्लासने शोधू नये, बाहेरून द्यावा. फ्रेमवर्कमध्ये असे ऑब्जेक्ट्स बनवून पुरवणारा भाग म्हणजे कंटेनर. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधले बीन, म्हणजे कंटेनरने सांभाळलेला ऑब्जेक्ट, आपोआप सिंगलटन असते; पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कच्या कंटेनरमध्ये ‘सिंगलटन’ याच नावाची मेथड आहे. दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट ठेवण्याची जबाबदारी क्लासची नसून कंटेनरची. सिंगलटन यादीतून वगळावासा वाटतो, असे खुद्द गामांनी 2009 च्या मुलाखतीत सांगितले. तरीही एकपणाची गरज कंटेनरने सांभाळलीच. मोडीत निघाली ती कुठूनही हात घालण्याची मुभा.