लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा

नाताळ आला की गावातल्या ख्रिस्ती घरांवर चांदणी लागते, फराळाची ताटं इकडून तिकडे जातात. पण बाप्तिस्मा म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेकजणी म्हणतात, "डोक्यावर पाणी घालतात आणि धर्म बदलतो." एवढंच असतं तर त्यात सांगण्यासारखं फार काही नव्हतं. पाणी घालायला मिनिटभर पुरतं. त्या मिनिटाच्या आधी आणि नंतर घरात काय काय होतं, ते आज बघू. आणि त्यासाठी आपल्याच मुलखातली एक बाई घेऊ, लक्ष्मीबाई टिळक.

आधी शब्दाचं बघून घेऊ. बाप्तिस्मा हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ बुडवणं. काही मंडळींत पाणी शिंपडतात, काहींत हौदात किंवा नदीत पूर्ण बुडवून वर काढतात. कॅथलिक घरांत बाळ लहान असतानाच हा संस्कार होतो आणि धर्ममातापिता त्याची जबाबदारी घेतात. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने हे पाणी दिलं जातं. जुनं आयुष्य संपलं, पाप धुतलं गेलं, ख्रिस्तात नवं आयुष्य सुरू झालं, असा त्याचा अर्थ ख्रिस्ती लोक मानतात. दुसरा अर्थ असा की ते माणूस आता एकटं राहिलं नाही, मंडळीचं झालं. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या समाजाला 'मंडळी' म्हणतात. आपणही म्हणतो ना, घरची मंडळी. जुनी माणसं तर बायकोलाच 'आमची मंडळी' म्हणायची! तर बाप्तिस्मा म्हणजे नव्या घरात नाव लागणं. आणि नव्या घरात नाव लागलं की जुन्या घराचं काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. ब्राह्मणाचं घर आणि वडील सोवळ्याचे अति कडक. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायची नाही, असा कारभार. लहानपणीच त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक कवी, हुशार, आणि संसारात अगदी बेभरवशाचे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने त्यांना बायबलातला नवा करार वाचायला दिला. ते वाचत गेले, विचार करत गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

निर्णय टिळकांचा होता. भोगणं मात्र दोघांच्या वाट्याला आलं, आणि माझ्या मते लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जास्त. नवरा जिवंत आहे, कुंकू कपाळावर आहे, पण त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. त्याच्या घरी जावं तर जात जाते, माहेर तुटतं. न जावं तर लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या दारी राहायचं. सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर तसंही नाही. लक्ष्मीबाईंनी अशी चार-पाच वर्षं काढली, त्यातला काही काळ पंढरपुरात.

इंग्रजांच्या राज्यात यावर कायदाही होता. १८५० च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नव्हता. १८६६ च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार धर्मामुळे नांदायला तयार नसेल, तर कोर्टातून लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी तसं केलं नाही. पत्रं लिहीत राहिले, भेटत राहिले. त्यांच्या बाजूचं हे एक वजन तराजूत टाकायलाच हवं.

शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे गेल्या. पण अटी त्यांच्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कायम. नवरा ख्रिस्ती आणि बायको ब्राह्मण, असा एका संसारात दोन पाणवठ्यांचा कारभार. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उठू लागले. देवाने माणूस केला, मग जात कोणी केली? माणसानेच ना? एकदा हे पटलं, तसं त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून टाकलं. लक्षात घ्या, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. जात आधी सुटली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, राहुरीला झाला. मला विचाराल तर त्यांच्यासाठी अवघड पाणी डोक्यावरचं नव्हतंच, माठातलं होतं.

आता ज्या मंडळीत त्या गेल्या, तिच्याकडेही बघायला हवं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. तिथले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. त्यांच्यासाठी बाप्तिस्म्याचा हिशेब वेगळा होता. ब्राह्मण बाईचं माहेर जायचं, मान जायचा. ज्यांना गावाने विहिरीला हात लावू दिला नव्हता, त्यांना मुलांसाठी शाळा मिळत होती, प्रार्थनेला देवाच्या घरात आत बसायला मिळत होतं. पण मंडळीत आल्याने सगळं एकदम धुऊन निघालं असंही नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती हा भेद सोयरिकीत आणि पंगतीत पुष्कळ काळ टिकला. एका रजिस्टरात नावं लागली म्हणून एका ताटाला बसणं होत नाही. आपल्या बचत गटाच्या बैठकीत कोणाचा कप अजून वेगळा आहे का, ते ज्याचं त्याने बघावं.

मंडळीत राहून मंडळीशी भांडणाऱ्या बाईचंही नाव घेते. पंडिता रमाबाई. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला, मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या धर्मभगिनींनी आणि बिशपांनी सांगितलं ते सगळं त्यांनी मान डोलावून मान्य केलं नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असं त्यांनी स्पष्ट विचारलं. इथल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटून दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात मान द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. ख्रिस्ताची झाले, पण एखाद्या पंथाची गुलाम झाले नाही, असंच त्या वागल्या. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे, आपल्यातल्या कोणी पाहिलंही असेल.

टिळकांचंही पुढे तसंच झालं. त्यांनी मराठी मंडळीला अभंग-ओव्यांच्या वळणाची गाणी दिली, कीर्तनं केली. विलायती चालींवर देव आळवणाऱ्यांना आपली चाल मिळाली. पण मिशनचा पगार आणि मिशनचा कारभार त्यांना टोचू लागला. १९१७ साली त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मंडळीचं दार पाण्यापाशीच असावं का, असा तो प्रश्न होता. तो दरबार वाढायला त्यांना वेळ मिळाला नाही. १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईत वारले.

लक्ष्मीबाई मागे राहिल्या. लग्नाच्या वेळी जिला धड वाचता येत नव्हतं, त्या बाईने नवऱ्याचं अर्धं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. टिळकांचे सुरुवातीचे काही अध्याय, बाकीचे बहुतेक लक्ष्मीबाईंचे. आणि १९३४ पासून त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आठवणी छापून येऊ लागल्या. वडिलांचं सोवळं, टिळकांचा विसरभोळेपणा, स्वतःची फजिती, सगळं त्यांनी हसत हसत लिहिलंय, कोणाला न झोडपता. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात सहसा असतं. गटात एकीने मोठ्याने वाचलं तरी चालेल, ते बोलल्यासारखंच लिहिलेलं आहे.